फाटकाचा करारनामा

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
गुरुवार

तीर्थस्वरूप भीमसेनमामांस,

विद्याधरचा साष्टांग नमस्कार, मामींनाही. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? तुम्ही अजून बंबातच पाणी तापवता, असं मामी फोनवर सांगत होत्या. ऐकून फार आधार वाटला (का, ते पुढे येईलच).

मामा, मी अध्यक्ष झालो आहे. आमच्या गल्लीत चर्च आणि मशीद शेजारी-शेजारी आहेत, मधल्या भिंतीत लाकडी फाटक. शुक्रवारी मशिदीत जागा पुरत नाही, म्हणून चर्चच्या कडुलिंबाखाली चटया पडतात. रविवारी चर्चवाल्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात. चर्चचे राखणदार ज्ञानप्रकाशम गुरुवारी संध्याकाळी फाटकाची किल्ली मशिदीतल्या खिळ्याला अडकवून येतात, तिथे अजान देणारे काजाभाई ती शनिवारी परत करतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे आणि त्यावर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

निवडणूक जवळ आली आणि आमच्या नगरसेवकांना या फाटकाचा शोध लागला. मामा, या माणसापुढे मी खरोखर नतमस्तक आहे. डिसेंबरात त्यांनी केक कापला होता, आता रमजानमध्ये टोपी घालून रोजा सोडायची मशिदीतली कांजी प्यायले, आणि दोन्ही वेळी डोळ्यांत पाणी खरं होतं (मी जवळून पाहिलं). त्यांनी सलोखा समिती काढली. मी ना ख्रिस्ती, ना मुसलमान, ना तमिळ, म्हणून अध्यक्ष. मग एक करारनामा झाला. शुक्रवारी साडेबारा ते पावणेदोन, रविवारी गाड्या वीस, खाली सह्या. मलाही तेव्हा तो फार उत्तम वाटला, हे कबूल करतो.

पहिल्याच शुक्रवारी नमाज दहा मिनिटं लांबली आणि चर्चच्या समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. रविवारी मशिदीतल्या एकाने गाड्या मोजल्या, तर एकवीस. चाळीस वर्षांत जे कुणाला सुचलं नव्हतं, ते आठ दिवसांत सगळ्यांना सुचलं. गेल्या शुक्रवारी चर्चच्या समितीच्या सांगण्यावरून फाटकाला कुलूप होतं. शहात्तर वर्षांचे काजाभाई रोजा धरून तापल्या रस्त्यावर नमाजाला बसले. अर्ध्या तासात नगरसेवकांनी स्वतःच्या फोटोचा मांडव पाठवला आणि समेटासाठी दुसरी समिती जाहीर केली. भांडण नसलेल्या जागी सलोख्याच्या जोरावर भांडण उभं करायचं, आणि वर सावलीही आपणच द्यायची, हे सामान्य माणसाचं काम नाही.

त्याच दुपारी ज्ञानप्रकाशम माझ्याकडे आले. किल्ली हातातच होती. बराच वेळ बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "सार, तो कागद नसता, तर आज मी काजाभाईला झाडाखाली बसवलं असतं."

मामा, तेव्हापासून मला झोप नाही. करारनाम्याची सहीची प्रत एकच आणि ती अध्यक्षांच्या ताब्यात. नगरसेवकांकडे त्याचा फोटो आहे, पण त्यात कागदाच्या पुढे त्यांचा हार आला आहे.

आपला,
विद्याधर

ता. क. सोबतचा कागद बंबात घालावा. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षांत तुम्ही एक चिठ्ठीही गहाळ होऊ दिली नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्यावर कुणाचा संशय जाणार नाही. मी इथे 'सापडत नाही' म्हणणार आहे. मला स्वतःला जाळवत नाही, त्यावर माझी सही फार छान आली आहे.

ता. क. २. आज शुक्रवार. पत्र टाकायला निघालो, तर फाटक सताड उघडं आणि काजाभाई कडुलिंबाखाली चटया अंथरताहेत. कागदाचं मी अजून घरात जयवंतीलाही सांगितलेलं नाही. ज्ञानप्रकाशमना विचारलं, तर म्हणाले, काल तुम्ही मोठा लखोटा विकत घेताना काजाभाईंनी पाहिलं. तेव्हा मामा, आता लखोटा टाकल्यावाचून मला सुटका नाही. बंब पेटवून ठेवा.