शब्दाआधीचा श्वास

बाबा, परवा अंधेरीला माझी नाटकाची ऑडिशन आहे. छप्पन्नाव्या वर्षी हे कोणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला सांगते. आईची भूमिका आहे, एका पानाचं स्वगत. आठवडाभर घाटकोपरच्या घरात दुपारी पंखा बंद करून, फोन डाळीच्या बरणीला टेकवून मी ते रेकॉर्ड करते आहे.

तुम्ही गिरणीतून सुटलात की कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमीला जायचात. डाव्या विंगेत स्टुलावर बसून तीस वर्षं प्रॉम्प्टर म्हणून दुसऱ्यांना शब्द दिलेत. शब्द देण्याआधी तुम्ही नाकाने एक लांब श्वास ओढायचात, आणि मुरलेले नट नुसत्या त्या श्वासावर सावरायचे. मला मात्र तो मिळाला नाही. मी पंधरा वर्षांची, पहिलंच काम. ओळ विसरले आणि विंगेकडे पाहिलं. तुमचं बोट ओळीवर होतं, चेहरा खुललेला होता. तुम्ही बघत राहिलात, मी उभी राहिले, शेवटी पडदा पाडावा लागला. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तू मुद्दाम थांबलंस असां वाटलां माका. किती बरां थांबललंस." मला ती थट्टा वाटली. मी पुन्हा स्टेजवर गेले नाही, आणि तुम्ही असेपर्यंत त्याबद्दल बोललेही नाही.

मंगळवारी स्वगतातली एक ओळ मधेच गेली. घरात कोणी नव्हतं. डावीकडून श्वास ऐकू आला आणि ओळ तोंडात आली. मी वळून पाहिलं नाही. विंगेकडे बघायचं नाही, हा तुमचाच नियम. आमच्या स्वयंपाकघरात डावीकडे नुसती भिंत आहे.

संध्याकाळी मुलीने इयरफोन लावून ते ऐकलं. "आई, मागे कोण होतं गं?" मी म्हटलं, कुकर असेल. "कुकर श्वास आत ओढत नाही," ती हसत म्हणाली. मग तिने तो भाग पुन्हा ऐकला आणि हसायची थांबली. मला म्हणाली, हे पुसून टाक. मी पुसलं नाही.

परवा त्या परक्या हॉलमध्ये ओळ गेली आणि कोणीच काही दिलं नाही, तर मी पुन्हा पंधरा वर्षांची होऊन उभी राहीन. हे काम मला हवं आहे बाबा. इतकं काही हवंसं वाटून फार वर्षं झाली.

हे पत्र कुठे पाठवणार. स्वगताच्या पानामागेच लिहिलं आहे, ते माझ्यासोबत येईल. एक सांगायचं राहिलं. ती ओळ मला बुधवारीच पाठ झाली. तरी रोज दुपारी मी तिथे आल्यावर गप्प उभी राहते. तेव्हा मी खरंच विसरले होते, तर तुम्हाला वाटलं मुद्दाम थांबले. आता मी मुद्दाम थांबते, आणि तुम्ही श्वास घेता.