बुधवारचं औषध

रवि., ९ नोव्हें.
सगळं फिरलं ते काल संध्याकाळी, फोनवर. मिरची तोडायला टोळी बोलवायची होती. शकूमावशीनं विचारलं, "औषध कवा मारलंय?" मी म्हणालो, "बुधवारी." मारलं होतं परवा, शुक्रवारी.
मावशीच्या टोळीचा नियम आहे. औषध मारल्यावर चार दिवस रानात पाय ठेवायचा नाही, मालक कुणी का असेना. खरं सांगितलं असतं तर टोळी मंगळवारी आली असती. आणि मावशीची भाची प्रज्ञा येते फक्त रविवारी. बाकी दिवस कॉलेज.
मावशी म्हणाली, "तू कागद वाचला असशीलच. मग झालं." गावातल्या निम्म्या बाटल्यांवरचं मीच वाचून देतो. एस.वाय. बी.एस्सी. तेवढ्यालाच उरलंय.
आज आली. निळी ओढणी तोंडाला बांधून. विहिरीकडच्या सऱ्या मीच दिल्या तिला, सावली असते म्हणून.
दुपारी डबा सोडला नाही. बांधावर बसली. घाम, मग दोनदा ओकली. एक बाई म्हणाली, "कॉलेजवालीला मिरची सोसंना." सगळ्या हसल्या. मीपण.
माल संध्याकाळी मार्केटला गेला.

सोम., १०
झोप नाही. शुक्रवार का झाला ते लिहून ठेवतो.
वडलांनी, आप्पांनी, बुधवारीच मारायला सांगितलं होतं. बुधवारी मी केडगाव स्टेशनात, प्रज्ञाच्या गाडीची वाट बघत. दोन तास. उतरली तर बरोबर मैत्रिणी. बोलणं नाहीच. घरी आप्पांना ठोकून दिलं, मारलं म्हणून. शुक्रवारी ते शिरूरला गेले तेव्हा पंप पाठीवर घेतला. हातमोजे खोक्यातच. लोकांना सांगतो, घाला.
पंपात शेवटी उरलेलं सगळं विहिरीकडच्या सऱ्यांवर सोडलं. नेहमी तसंच करतो. तिकडं दुप्पट बसलं असणार.
हे आज सकाळी आठवलं. काल नाही.

बुध., १२
प्र. गाडीला नव्हती. मावशीकडं गेलो, पेरू घेऊन. सलाईन लावलंय. डॉक्टर पित्त म्हणाला. अजून हात थरथरतो, अंधुक दिसतं. बाकी बायकांची नुसती डोकी दुखली, त्यांनी बाम चोळला. डॉक्टरनं विचारलं होतं म्हणे, रानात काय मारलं होतं का. मावशीच म्हणाली, न्हाई, चार दिवस झाल्याले. मला सांगत होती, "आप्पांना पण फोन केलता. ते बी बुधवारच म्हणले. त्यांच्या घरात खोटं न्हाई."
प्र. आतल्या खोलीत झोपलेली. पाय दिसले. पेरू ठेवून आलो.

गुरु., १३
फवारणीच्या औषधाच्या दुकानात जाऊन भांडलो. असलं जहाल विकता कशाला, म्हणून. काउंटरवरचं खोकं ढकललं, पुड्या सांडल्या. कॉलेजात सरांवर हात उगारला आणि कॉलेज सुटलं, तेव्हा असंच डोकं गरम झालं होतं. दुकानदार खाली वाकून पुड्या गोळा करत राहिला. मग म्हणाला, "बाकीच्यांना वाचता येत न्हाई, सायंटिस्ट. तुला येतं की."
आलो तसाच.
शेडमध्ये बाटली पाहिली. पिवळा त्रिकोण, म्हणजे जास्त विषारी. रबर लावून गुंडाळलेला कागद. घाम, मळमळ, अंधुक दिसणं, थरथर. अशावेळी डॉक्टरला हा कागद दाखवा. कितीजणांना वाचून दाखवलंय हे मी. पाठ आहे.
घरच्या मिरचीची सहा रोपं मोरीपाशी. त्यांच्याजवळ आई पंप येऊ देत नाही. तिला कोणी कागद वाचून दाखवला नव्हता.

शनि., १५
प्र.चा मेसेज. माझं कॉलेज सुटल्यापासून पहिला. वर्षभर याचीच वाट बघत होतो.
"औषधाच्या कागदाचा फोटो पाठव. उद्या दौंडला मोठ्या डॉक्टरकडं जायचंय. मावशी बुधवारचं म्हणते, तरी."
फोटो पाठवला. खाली वार लिहिला, खोडला. परत लिहिला, खोडला.
तिचं लगेच आलं, "बुधवारीच ना?"
फोन उपडा ठेवला. अजून तसाच आहे.
बाहेर आप्पा मावशीशी फोनवर. पुढच्या तोडणीचं. "आमच्याकडं बुधवार म्हंजी बुधवार," म्हणाले आणि हसले.

रवि., १६, सकाळ
आप्पांना सांगितलं. चहा पीत होते. कप खाली ठेवला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं.
मग हळूच विचारलं, "अजून कुणाला म्हायती?"
"कुणाला नाही."
"औषधाचं नाव दिलंय ना डॉक्टरला? मग वार कशाला उकरतो? शब्द मी दिलाय त्यांना. परत आपल्या रानात कोण यील?"
मी म्हणालो, डॉक्टर वारच विचारणार. त्यांनी कप परत उचलला. आई चुलीपुढं. तिनं वर बघितलं नाही, पण भाकरी करपली.
नऊला प्र.ला दौंडला न्यायची पिकअप निघते मावशीच्या दारातून. आता साडेआठ. कळल्यावर प्र. कशी बघेल ते मला आत्ताच दिसतंय. तिथं जाऊन तोंड उघडेल का, माहीत नाही. त्या शनिवारी मावशीला फोनवर खोटं किती पटकन निघालं होतं.
बाटली कागदासकट पिशवीत घातली. परत बाहेर काढली. त्रिकोणाच्या खाली मार्करनं मोठं लिहिलं, शुक्रवार. बोलता नाही आलं तर पिशवी तिच्या हातात देईन. तिला वाचता येतं.
आप्पा उंबऱ्यात उभे आहेत. बाजूला होत नाहीत, अडवतही नाहीत.
वही इथंच ठेवतो. दार बाहेरून ओढून घेतो.