दहाव्या आठवड्याचं रक्त

प्रिय छोटे,

आठवडाभर तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुमच्या शेजारच्या काकूंच्या हाती पाठवते आहे. घरातल्या शहाण्यांना दाखवू नकोस, त्यांना वाचण्यापेक्षा बोलायची हौस जास्त.

मांजर हाकलल्याचं कळलं. सासूबाईंनी पोत्यात कोंबलं म्हणे, आणि आमचे जावईबापू पोतं धरायला. मटण अर्धंकच्चं खाताना, भाजी न धुता चिरताना कुणाला काही वाटलं नाही, टॉक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो तसा त्यांतूनही येतो, पण दोष सापडला तो मुक्या जनावरात. त्यावर कडी तुझ्या नामांकित डॉक्टरांची. कागदावर ‘टॉक्सोप्लाझ्मा, आयजीएम पॉझिटिव्ह’ एवढं वाचलं, बाळ आंधळं होईल म्हणाले आणि गर्भपातासाठी गुरुवारची वेळ देऊन मोकळे झाले. एवढी अक्कल भिंतीवर पदव्या टांगून येत असेल तर आमच्या लॅबचा शिपाईही ऑपरेशन करेल.

आयजीएम म्हणजे लागणीनंतर रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं. ती वर्षभरही रेंगाळतात. लागण कधीची हे ठरवायला ॲव्हिडिटीची चाचणी लागते. प्रतिद्रव्यं जुनी असली की त्यांची पकड घट्ट असते. तुझं दहाव्या आठवड्याचं रक्त आमच्या फ्रीजरमध्ये शिल्लक होतं. ते मी मोठ्या लॅबला पाठवलं, निकाल आज सकाळी आला. पकड घट्ट आहे. म्हणजे लागण तेव्हाच किमान चार महिने जुनी होती, दिवस जाण्याआधीची, बाळापर्यंत ती पोचण्याची भीती जवळजवळ नाही. तरी बाळ झाल्यावर त्याचे डोळे आणि रक्त तपासून घेऊ. तुझी प्रतिद्रव्यं त्याच्यात दिसतील आणि वर्षभरात विरून जातील, तेव्हा घाबरू नकोस.

आता जे सांगायला आठ दिवस लागले ते सांगते. आमच्या रिपोर्टखाली एक ओळ असायची, केवळ या निकालावरून निर्णय घेऊ नये, पुढची चाचणी करावी. ती वाचून पेशंट प्रश्न विचारतात, डॉक्टरांना ते खपत नाही, म्हणून आम्ही ती काढून टाकतो. तुझ्या रिपोर्टवरची मी काढली, वर नाव कुणाचं आहे हेही न बघता. खाली सही माझी आहे. डॉक्टरांना नावं ठेवायला मला तोंड नाही, तरी ठेवली, कारण स्वतःची लाज त्यांच्या नावाने लिहिणं सोपं गेलं. सोबत नवा रिपोर्ट आहे, तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. गुरुवारी जाऊ नकोस. पुन्हा माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस, पण गुरुवारी जाऊ नकोस.

तुझीच,
ताई