तांबड्या घोड्याला नवी सवय

ओदगेरेल,

जनावरं अंगानं भरली ना? आईचा खोकला? इथे राजधानीत माझं झकास चाललंय. डाव्या पायात बाहेरून लोखंडी सळ्या ठोकल्यात. नर्स म्हणते, "दवागदोर्ज, तुम्ही तर तंबूचा सांगाडाच उभारलाय!"

जखम मात्र अजून वाहते. चौथ्यांदा साफ केली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "हाड बाहेर आलेलं, आणि तुम्ही मामाकडून पाय चोळून घेत तीन दिवस घरी बसलात?" हे मामाला सांगू नकोस. म्हातारा झुरेल.

इंजेक्शनं बाहेरून विकत आणावी लागतात. आणखी वीस मेंढ्या वीक. पडून पडून जीव विटलाय, खिडकीतून नुसत्या भिंती दिसतात.

तांबड्या घोड्याला मात्र हात लावायचा नाही. तुझा भाऊ म्हणेल, लंगड्याला घोडा कशाला? त्याला गप्प बसव.

काल डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली बोटाने रेघ ओढून दाखवली. मी विचारलं, "एका रिकिबीवर घोडा हाकता येतो का?" ते हसले नाहीत.

आपण सगळे डावीकडूनच चढतो, त्यामुळे तांबडा उजवीकडून कुणी आलं की बिथरतो. तू उद्यापासून रोज त्याच्यावर उजवीकडून चढ.

तुझाच,
दवागदोर्ज