उंबऱ्याशी राहिलेली चप्पल

झरी. सोमवार, संध्याकाळ.

शेजारच्या मारोतीमामांना परभणीला दवाखान्यात न्यायला जीप सांगितली आहे. ती येईपर्यंत लिहितो, नाहीतर नजर सारखी उंबऱ्याकडे जाते. त्यांची डावी चप्पल तिथंच पडली आहे.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण गावात कुणाला उसण भरली की तो माझ्या ओसरीवर येऊन पालथा पडतो. शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचं आणि घरी लोकांच्या कमरेला पाय लावायचा! नाही म्हणायला जीभ रेटतच नाही.

मामांची कंबर आठ दिवसांपासून धरलेली, डाव्या पायात कळ. पाय सात वेळा लावायचा, अशी रीत. पाचव्यांदा मामा म्हणाले, "गुर्जी, जरा जोरात." मी टाचेवर भार दिला आणि आत काहीतरी सरकलं. मला कळलं होतं. तरी सात पुरे केले. का? रीत मोडू नये म्हणून?

मामा हसत उठले. "कळ गेली की! पाय लय हलका वाटायलाय." एकाच पायात चप्पल घालून ते खडीच्या रस्त्यानं घरी गेले. दुसरा पाय अनवाणी आहे, हे त्यांना कळलंच नाही. खडीवरून चालताना!

चप्पल बघितली आणि मामीला फोन लावला. ती खुशीत होती. "लय आराम हाय त्यांना. मी कवापासून पाय दाबायलेय, अन् हे इचारायलेत, दाबायला कवा लागतीस?"