धवलारणीचा पाट

शेलार, भिवंडी
२४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कॉलेजात दिवसाला चार तास शिकवते, तेवढं ओरडणं पुरे.

बातमी अशी की माझं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या कोन गावचा, भाविक, शाळेत गणित शिकवतो. हळद दोन डिसेंबरला, आपल्याच अंगणात. आणि माझ्या हळदीला मला धवला हवा आहे. धवलारणीने पाटावर बसून गायलेला, एकेका देवाला नावाने हाक मारून मंडपात बोलावणारा. पण आता आजूबाजूच्या गावांत पुरा धवला येणारी बाई उरली नाही. एकीला सुरुवात येते, दुसरीला शेवट. पुरा तुला येतो, कारण तुझ्या आईने, काशीपणजीने, तो तुला शिकवला.

आजोबांना विचारलं. तुझे सख्खे भाऊ, पण तुझं नाव काढलं की ते चष्मा पुसायला लागतात. या वेळी मात्र लगेच हो म्हणाले. हळदीच्या मांडवातच तुझा सत्कार ठेवलाय आणि वडप्याला हायवेवर तुझ्या फोटोचा बॅनरही लागलाय. ‘आगरी समाजाची स्वरसम्राज्ञी जानकीबाई यांचा भव्य सत्कार’. खाली आजोबा, बाबा, प्रितमदादा आणि तुला कधीही न पाहिलेले अकरा जण हात जोडून उभे.

तू या घरी का येत नाहीस, हे मला कुणी कधी नीट सांगितलेलं नाही. तूच सांग.

लोभ आहेच, तो वाढवायला ये.

तुझी
क्षितिजा

मिरज
३१ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजा हिस,
अ. उ. आ.

लग्नाचं वाचून आनंद झाला. गणिताचा मास्तर आहे म्हणजे घरातल्या वादात कुणाचं तरी उत्तर बरोबर येईल.

बॅनरचं वाचून मात्र किळस आली. शब्द जपूनच वापरते आहे.

१९७१ साली चांगदेवदादाचं, म्हणजे तुझ्या आजोबाचं, लग्न होतं. आई आदल्या वर्षी गेलेली. मी एकवीस वर्षांची, वर्षभरापूर्वी संगीत नाटकाच्या कंपनीत गेले होते. भावाच्या हळदीसाठी चालू दौरा सोडून आले. पाटावर बसले, गणपतीला हाक मारली, गावदेवीला हाक मारली, आणि नवरदेव उठला. हळदीच्या अंगाने, चारशे माणसांसमोर त्याने सांगितलं की तोंडाला रंग फासून परक्या पुरुषाच्या गळ्यात पडणाऱ्या बाईने आमच्या देवांना बोलवायचं न्हाय, ऊठ. चारशेंतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मी उठले. त्याच पाटावर दुसऱ्या गावची बाई आणून बसवली.

पुढे अकरा वर्षं नाटकं केली, मग चार चित्रपट. सत्काराच्या भाषणात कुणी सांगणार नाही, ते मी सांगते. निर्मात्यांना माझा गळा हवा होता, माझा काळा रंग नको होता. मी पडद्याआड गायचे आणि गोरी मुलगी पुढे ओठ हलवायची. मला भूमिका मिळायच्या त्या मोलकरणीच्या आणि चेटकिणीच्या. नंतर हळदीच्या गाण्यांची कॅसेट निघाली. आवाज माझा, वेष्टनावर फोटो दुसरीचा, नाव कुणाचंच नाही. मीही गप्प बसले. त्याची लाज मला आहे.

ती कॅसेट तुझ्या आजोबाच्या अंगणात तीस वर्षं प्रत्येक हळदीला वाजली. गळा कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. आवाज चालला, बाई चालली नाही. नाटकवाले, सिनेमावाले आणि माझं घर, सगळ्यांचा कायदा एकच.

माझी एक अट आहे. ज्या तोंडाने ऊठ म्हटलं, त्याच तोंडाने, त्याच अंगणात, माणसांसमोर त्याने म्हणावं की तेव्हा मी चुकलो, आता बस. मग मी बसेन आणि पुरा धवला गाईन. सत्काराची शाल त्याने स्वतः पांघरावी.

माया आहे म्हणून इतकं लिहिलं. ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्याआजी
जानकी

शेलार
८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या कॅसेटवर मी लहानपणी प्रत्येक हळदीत नाचले आहे. कुणाच्या गळ्यावर नाचतेय, हे मला या घरातल्या एकानेही सांगितलं नाही.

आजोबांपुढे तुझी अट ठेवली. ते म्हणाले, झालं ते झालं, म्हातारपणी कशाला उकरायचं, आणि मी समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष हाय, पोरांसमोर कान धरू का. आजवर त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की समाजाच्या पंचांचा हुकूम होता, त्यांचा नाइलाज झाला. तेच पुन्हा सांगितलं.

प्रितमदादाने त्यावर उपाय काढला. त्याच्या कार्यक्रमवाल्याने सांगितलंय की जुन्या कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर तरुण करता येतो, खाली ठेका घालता येतो. म्हणजे आत्याआजीने गायचंच नाही, नऊवारी नेसून फक्त सिंहासनावर बसायचं, मागे एलईडी, पुढे बारा मुली नाचतील. आणि नाहीच आली, तर फोटो ठेवू. हे तो मला आनंदाने सांगत होता. चोपन्न वर्षांपूर्वी तुला पाटावरून उठवलं, आता तुझ्या गळ्यातूनही उठवायला निघालेत.

गोदामं झाली, गाड्या झाल्या, बंगल्याला काचा लागल्या. बाईला माणूस म्हणून समोर बसवायची हिंमत तेवढी या घरात अजून आलेली नाही. मी त्यांना सांगितलं की ते कॉम्प्युटरचं गाणं वाजलं तर मी हळदीला बसणार नाही. आजी भाकऱ्या थापत होती. एक करपली, तिच्या लक्षात आलं नाही.

रागातही तुझीच आठवण येते, एवढं जाणून असावं.

क्षितिजा

शेलार
१५ नोव्हेंबर २०२५

चि. जानकी हिस,
अ. उ. आ.

चोपन्न वर्षांनी लिहितोय. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बाकी ठीक हाय.

पंचांनी सांगितलं म्हणून बोललो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. कुणीच सांगितलं नव्हतं. मिठागरावरचे माझे सोबती तुझ्याकडे बघून हसले आणि मला लाज वाटली. तू आईसारखी गात होतीस, ते मला तेव्हाही कळत होतं. माझं चुकलं.

आता पोरगी हट्टाला पेटलीय. तू ये आणि गा. पण चारचौघांत मला बोलायला लावू नकोस. व्याह्यांची माणसं येणार, मंडळाची येणार. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मोठ्या भावावर राग धरू नये, इतकंच मागणं.

चांगदेव

मिरज
२० नोव्हेंबर २०२५

चि. क्षितिजा हिस,
अ. उ. आ.

सोबत तुझ्या आजोबाचं पत्र आहे. फाडलेलं नाही.

वाचून मी रडले आणि मग रडल्याचा राग आला. त्याने लिहिलंय ते खरं आहे, म्हणूनच जास्त किळस येते. अपमान चारशे माणसांत केला आणि माफी पाकिटात बंद करून पाठवली, वर फाडून टाकायची सूचना. म्हणजे त्याचं मन हलकं होणार, माझ्या नावावरचा डाग मात्र आहे तिथेच राहणार. माझ्या व्यवसायात अशी माणसं पुष्कळ पाहिली. खोलीत पाया पडायची आणि चारचौघांत ओळख द्यायची नाहीत.

हे पत्र हळद लागण्याआधी मंडपात वाचलं गेलं, तर मी गाईन. ते वाचायची विनंती मी तुला करते, हुकूम नाही. लग्न तुझं आहे. वाचलंस तर घर तुझ्यावर उलटेल. नाही वाचलंस तरी मी येईन, तुला आशीर्वाद देईन, जेवेन आणि परत जाईन. तोंडातून सूर मात्र काढणार नाही.

दोन तारखेला सकाळी पोचते. कळकळ आहे ती ओळखून घे.

जानकी

शेलार
२६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मी आजोबांसमोर ठेवलं. त्यांना गाफील पकडणं मला पटलं नाही. सांगितलं की हळद लागण्याआधी हे वाचलं जाईल, तुम्ही वाचा नाहीतर मी वाचते. बाबा म्हणाले, लग्न मोडेल. दादा म्हणाला, पुस्तकं वाचून वाचून हिचं डोकं फिरलंय. भाविकला मीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, कोनची माणसं ऐकून घेतील, आमच्या घरात हे कुणाच्या बाबतीत झालं ते आधी आईला विचारतो. विचारलं, तर अशा दोघी जणी निघाल्या.

आजोबा तीन दिवस ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवले. आज सकाळी हाक मारली आणि म्हणाले, दिसत न्हाय, मोठ्या अक्षरांत उतरवून दे. मी दिलं. त्यांनी मनात वाचलं, ‘लाज वाटली’ या शब्दांशी थांबले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. वाचीन असं म्हणाले नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, तूही ठेवू नकोस. मूळ पत्र माझ्याकडे आहे.

तू ये आणि माझ्या शेजारी बस. ते वाचतील तर ऐकू. नाही वाचलं तर मी वाचेन. माईक काढून घेतला तरी चालेल, एकशेवीस पोरांच्या वर्गात मला कधी माईक लागला नाही. आणि एवढं होऊनही तुझ्यासाठी पाट मांडला नाही, तर मी हळद न लावता उठेन, आपण दोघी रिक्षाने कोनला जाऊ आणि तिथे माझं कोऱ्या अंगाने लग्न लागेल. मला त्याची लाज वाटणार नाही. आपल्या अंगणात लाज वाटून घ्यायला अजून बरीच माणसं शिल्लक आहेत.

तुझी वाट बघणारी
क्षितिजा