मेयरचा हिरवा चहा

अश्दोद, ३ मे १९९८

चि. मेयर यास सुझॅनबायचा शालोम व अ. आ. वि. वि.

कुपत होलिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तुला प्रेशरच्या गोळ्या दिल्या हे ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय. एलात काही जवळ नाही, आणि फोनवर तू धड बोलत नाहीस, म्हणून लिहिते. पप्पा साठीच्या आत गेले, तुला त्रेसष्ट झाली.

माझी नुरीत यरुशलेमला नर्स आहे ना, तिच्याकडे हल्ली सगळे हिरवा चहा पितात. काळजाला चांगला, चरबी उतरते, असं पेपरात सारखं येतं. नुरीत म्हणते, थोडं खरं आहे, बाकीचं अजून तपासतायत. पण तुझ्या चार चमचे साखरेच्या चहापेक्षा तर बरा! दोन डबे पाठवते. पाणी उकळलं की उतरवून जरा थांब, मग पत्ती घाल, नाहीतर कडू होतो. बंदरावर क्रेन चालवायला चढताना थर्मास नेत जा.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, सुझॅनबाय

एलात, ३१ मे १९९८

ती. सुझॅनबाय हिस मेयरचा सा. शालोम. वि. वि.

डबे पोचले. पहिल्या दिवशी वाटलं, बहिणीनं गवत उकळून प्यायला धाडलंय. आमचा मुकादम बेझालेल तर विचारत होता, आता चरायलाही जाणार का म्हणून. पण सवय झाली. दिवसाला सहा-सात कप होतात. साखर सुटली, पट्ट्याचं एक भोक आत आलं. वर केबिनमध्ये बसून घोट घेतला की सगळं बंदर पायाखाली आणि समोर अकाबाचे डोंगर. इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

गोळ्यांचं म्हणशील तर, आता तितकीशी गरज वाटत नाही. ऑगस्टमध्ये कामावरची वार्षिक तपासणी आहे, ती पार पडली की झालं. पेन्शनला दोनच वर्षं उरलीत.

मिखाएलभावजींना शालोम. आठवण काढत जा.
तुझा, मेयर

अश्दोद, ९ जून १९९८

चि. मेयर यास अ. आ. वि. वि.

पत्र वाचून हसले, पण एका वाक्यावर अडले. नुरीतला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिला फोनवर वाचून दाखवलं. ती हिब्रूतच म्हणाली, मामाला विचार, गोळ्या बंद केल्यात का. चहा चांगलाच, पण गोळीच्या जागी नाही. शिवाय जेवणाबरोबर घेऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

मला हो किंवा नाही एवढंच कळव. वाट पाहते.
सुझॅनबाय

एलात, १२ जुलै १९९८

ती. सुझॅनबाय हिस सा. शालोम. वि. वि.

उत्तराला महिना लावला, माफ कर. उत्तर ‘हो’. चहा आल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून बंद केल्या होत्या. चहाचा दोष नाही, मीच त्याला पुढे केलं. गोळ्यांवरच्या माणसाला क्रेनवर बसू देत नाहीत, अशी माझी समजूत होती. तपासणीत ‘औषध काही नाही’ असं सांगता यावं, एवढ्यासाठी.

जूनअखेरच्या सोमवारी कंटेनर हवेत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली चार माणसं होती. कसा ते सांगता येत नाही, पण मी तो हळूहळू धक्क्यावर टेकवला, मशीन बंद केलं आणि शिडीला धरून उतरलो. बेझालेलला उष्णतेचं कारण सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, “गोळ्या सोडल्यात मी. मला परत वर पाठवू नकोस.”

चार दिवस हॉस्पिटलात होतो. फोन केला असता तर तुझ्याशी खोटं बोललो असतो. आता प्रेशर ताब्यात आहे. डॉक्टर म्हणाला, नीट गोळ्या घेतल्या असत्या तर कदाचित क्रेनवरच राहिला असतास. आता गेटवर बसून ट्रकांचे नंबर लिहितो. चहाला डॉक्टरची मनाई नाही, दिवसाला दोन कप.

रागाव, पण टाकू नकोस.
मेयर

अश्दोद, १७ जुलै १९९८

चि. मेयर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलेच आहे. मिखाएलनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, मी तेच ते वाचत बसले होते. तुझ्यापेक्षा स्वतःवर जास्त राग आला. तुला चहा कसा करायचा ते मी सविस्तर लिहिलं, पण भीती कसली वाटते ते एकदाही विचारलं नाही.

शब्बाथ उलटला की रविवारच्या बसनं येते. आठ दिवस राहीन, गोळी माझ्यासमोर घ्यायची. इथे शेजारणींना सांगितलं, माझ्या भावानं हवेतला कंटेनर अलगद टेकवला आणि चार घरं वाचवली. गोळ्या सोडल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. ते तू बेझालेलला सांगितलंस, तेवढं पुरे.

तुझीच, सुझॅनबाय